आधीचे सात

पाच मिलिलिटर रक्त होतं. त्यात तांबड्या पेशी सुमारे बावीस अब्ज आणि पांढऱ्या साडेतीन कोटी. त्या साडेतीन कोटींमध्ये उत्कर्षाच्या स्वतःच्या नसलेल्या पेशी दोनशे एकोणीस निघाल्या. एकशे बेचाळीस तिच्या पोटातल्या नऊ आठवड्यांच्या गर्भाच्या. अकरा तिच्या आईच्या, तिच्या जन्माआधीच तिच्यात आलेल्या आणि चौतीस वर्षं तिथेच राहिलेल्या. उरलेल्या सहासष्ट पेशी सात गटांत पडत होत्या: सतरा, चौदा, बारा, नऊ, सहा, पाच आणि तीन.

डॉ. नसीम बागवान यांनी तो कागद दोनदा वाचला. मग केसपेपर उघडला. तिथे सिस्टरच्या गोल अक्षरात लिहिलं होतं, ‘पहिलटकरीण. लग्नाला बारा वर्षं. याआधी दिवस गेलेले नाहीत.’

“हे कोणी सांगितलं?” डॉक्टरांनी विचारलं.

“मी सांगितलं की,” उत्कर्षाची सासू शालन खुर्चीत सरसावून म्हणाली. “बारा वर्सं वाट बघितली, मॅडम. वाट बघणाऱ्याला म्हाईत नसणार तर कुणाला?”

“मावशी, तुम्ही जरा बाहेर बसता का?”

“माझ्यापासनं काय लपवायचंय?”

“राहू देत आत्यांना,” उत्कर्षा म्हणाली. त्यांच्याकडे सासूला आत्या म्हणायची रीत होती. “घरी गेल्यावर मलाच सगळं परत सांगावं लागेल.”

डॉक्टर मिरजेत वीस वर्षं बायकांची बाळंतपणं करत होत्या. वाईट बातमी कशी सांगायची हे त्यांना ठाऊक होतं. पण ही बातमी वाईट म्हणावी की आणखी काही, हे त्यांचं त्यांनाच ठरत नव्हतं. त्यांनी कागद टेबलावर सरळ केला.

“उत्कर्षा, हे तुझं पहिलं बाळ नाही. आठवं आहे.”

शालन हसली. चुकून दुसऱ्याचा कागद आला असणार, असं ते हसणं होतं. उत्कर्षा हसली नाही.

ही तपासणी जिल्ह्यात येऊन दीडच वर्ष झालं होतं. दवाखान्यात तिला नुसतं ‘मोजणी’ म्हणत. तिच्यामागचं तत्त्व जुनं आहे. गर्भ रुजला की त्याच्या काही पेशी वारेतून आईच्या रक्तात उतरतात. बाळ जन्मलं तरी त्या जात नाहीत, बाळ राहिलं नाही तरी जात नाहीत. अस्थिमज्जेत, यकृतात, कधी हृदयाच्या स्नायूतही त्या घर करतात आणि अधूनमधून एखादी रक्तात फिरताना सापडते. पूर्वी अशी एक पेशी शोधणं म्हणजे पोत्यातल्या ज्वारीत रंगवलेला एक दाणा शोधण्यासारखं होतं. नव्या यंत्रात रक्त केसाएवढ्या नळ्यांतून एकेक पेशी करून जातं आणि परकी वाटणारी प्रत्येक पेशी बाजूला काढून तिचा जनुकसंच वाचला जातो. प्रत्येक मुलात निम्मा वाटा आईचा आणि निम्मा बापाचा, पण वाटणी दर वेळी निराळी. म्हणून एका गर्भाच्या पेशी दुसऱ्याच्या पेशींत मिसळत नाहीत. पेशींवरच्या रासायनिक खुणांवरून त्यांचं वयही काढता येतं, चार महिन्यांच्या फरकाने.

“सातही पाच-सहा आठवड्यांचे होते,” डॉक्टर म्हणाल्या. “इतक्या लवकर गेले की तुला पाळी आठ दिवस उशिरा आली, एवढंच वाटलं असेल. लग्नाच्या दुसऱ्या वर्षी एक. तिसऱ्या वर्षी दोन. चौथ्या वर्षी, मार्चच्या आसपास, एक.”

“चौथ्या वर्षी मार्चमध्ये,” उत्कर्षा म्हणाली, “आम्ही रेवणसिद्धाला गेलो होतो. अनवाणी. मूल व्हावं म्हणून.”

शालनने पदर तोंडाशी नेला आणि तो तिथेच धरून ठेवला.

“मुली होत्या का मुलगे?” उत्कर्षाने विचारलं.

“यंत्राला कळतं. पण ती माहिती यंत्रातच पुसली जाते. गर्भाचं लिंग सांगायला कायद्याने बंदी आहे, आणि यंत्र जिवंत गर्भ आणि गेलेला गर्भ असा भेद करत नाही.”

“म्हणजे तुम्हालाही माहीत नाही.”

“नाही.”

मग डॉक्टरांनी दुसरा कागद काढला. तो साधा होता, एका ओळीचा. रक्तातलं शिसं, डेसिलिटरमागे एकोणतीस मायक्रोग्रॅम. गरोदर बाईत ते पाचाच्या आत असावं. “तुमचा धंदा काय आहे?” त्यांनी विचारलं. आणि मग त्यांनाच वाटलं, हा प्रश्न केसपेपरवर कुठेच नाही.

धंदा गलाईचा होता. खानापूर तालुक्यातली निम्मी घरं या धंद्यात आहेत. सोनाराच्या दुकानातला कचरा, केरातली धूळ, जुने दागिने विकत घ्यायचे आणि भट्टीत गाळून त्यातलं सोनं-चांदी वेगळं करायचं. काश्मीरपासून केरळपर्यंत कुठल्याही सराफ गल्लीत गेलात तर जिन्याखाली एक भट्टी आणि तिच्यासमोर विट्याकडचा माणूस दिसतो. उत्कर्षाचा नवरा रणजित सेलमला होता. खाली भट्टी आणि तेजाबाचे बुधले, वर दोन खोल्यांचा संसार. दिवस राहिल्याचं कळल्यावर उत्कर्षा तिथूनच गावी आली होती. धुळीतलं सोनं ओढून घ्यायला शिसं लागतं. वितळलेलं शिसं सोन्याला कवेत घेतं, मग जास्त आचेवर शिसं उडून जातं आणि सोनं मागे राहतं. उडून गेलेलं शिसं जातं कुठे, हे भट्टीसमोरच्या माणसाने कधी विचारलं नव्हतं. त्याचं लक्ष मागे राहिलेल्यावर.

शिवाय या धंद्यात काहीही फेकून देत नाहीत. हात धुतलेलं पाणी पिंपात साठवतात. पायपुसणं वर्षभर जपतात. कामाचे कपडे धुवायचे ते एका ठरावीक टपात, घरातच, आणि टपाच्या तळाचा गाळ वाळवून डब्यात भरायचा. उत्कर्षाने बारा वर्षं तो गाळ हाताने खरवडला होता. तिच्या हाताला उरक होता. गल्लीतल्या बायका तिच्या टपाचं कौतुक करत.

“आधी भट्टीपासून लांब राहा,” डॉक्टर म्हणाल्या. “गावी राहा. दूध, कॅल्शियम. शिसं हाडात जाऊन बसतं आणि गरोदरपणात हाडातलं कॅल्शियम बाळासाठी बाहेर निघतं, तेव्हा त्याच्याबरोबर शिसंही निघतं. वरून कॅल्शियम दिलं तर हाड कमी झिजतं.”

“हे बाळ राहील?”

“नऊ आठवडे राहिलंय. आधीचे सात इथवर आले नव्हते. मी एवढंच सांगू शकते.”

रणजितशी ती दुसऱ्या दिवशी सकाळी फोनवर बोलली. तो भट्टी लावायच्या तयारीत होता, मागे पंख्याचा आवाज येत होता.

“सात?” तो म्हणाला. “यंत्र कुणाचं आहे? कंपनीचं? आमच्याकडं सुद्धा नवीन टंच मशीन आलं होतं, पितळेला बावीस कॅरेट दाखवायचं.”

“अहो, यंत्राचं सोडा.”

“सोडू कसं? उद्या म्हणतील सतरा.” तो थांबला. “तुला कधी काही कळलं नाही?”

“कळलं असतं तर सांगितलं नसतं?”

“तसं नाही म्हणत मी.”

“मग कसं म्हणताय?”

पंख्याचा आवाज बंद झाला. त्याने तो बंद केला असावा. “माझे वडील चाळीस वर्षं या भट्टीसमोर बसले,” तो म्हणाला. “मी झालोच की.”

“तुम्ही एकटेच झालात,” उत्कर्षा म्हणाली.

त्याने फोन ठेवला. दोन दिवसांनी त्याने पैसे आणि अक्रोडाची पेटी पाठवली.

गावाकडचं घर गलाईवाल्यांच्या बाकी घरांसारखंच होतं. मोठा स्लॅबचा बंगला, पुढे संगमरवरी पायऱ्या, आत आठ खोल्या आणि राहायला दोन बायका. शालन पंचवीस वर्षं सेलमला राहून, नवरा गेल्यावर इथे येऊन एकटी राहिली होती. फोनवर ती सुनेला दर महिन्याला एकच प्रश्न विचारायची आणि उत्तर ऐकून म्हणायची, “बरं. आमच्या घरात असं कधी न्हवतं.” हे वाक्य उत्कर्षाने बारा वर्षं ऐकलं होतं. आता त्याच बाईच्या हातचं जेवत ती दिवस मोजत होती.

शालनने मिरजेहून आल्यावर ते वाक्य एकदाही उच्चारलं नाही. आठवडाभर ती भांडी जास्त आपटत राहिली. मग एका दुपारी, मेथी निवडताना, मान वर न करता म्हणाली, “मलाबी उशिरानं यायचं.”

“काय?”

“पाळी. कधी आठ दिस, कधी पंधरा. लई दुखायचं. सासू म्हणायची, उष्णता हाय, सब्जा खा.” तिने एक जून देठ मोडून बाजूला टाकला. “रणजितच्या आधी सा वर्सं. नंतर धा वर्सं. खाल्ला सब्जा.”

“आत्या, तुमची मोजणी करायची का? मॅडम करतील.”

“मला न्हाई आकडा पायजे,” शालन म्हणाली. “तू खा नीट.”

तेराव्या आठवड्यात शिसं बावीसवर आलं. सोनोग्राफीत बाळाने हात तोंडापाशी नेला, आणि शालनने पडद्याकडे बघत तिथल्या तिथे कडाकडा बोटं मोडली. सिस्टर म्हणाली, “मावशी, यंत्राची दृष्ट काढताय का?” शालन म्हणाली, “तुझीबी काढते, हिकडं ये.” परतीच्या वाटेवर दोघी विट्यात उसाचा रस प्यायल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच त्या दोघींनी कशावर तरी मिळून हसून घेतलं. रसवाल्याने उत्कर्षाला विचारलं, “तुमच्या आई का?” आणि शालनने परस्पर “व्हय” सांगून टाकलं.

थंडी पडायला लागली होती. शालनने एक वाकळ शिवायला घेतली. त्या भागात बाळंतिणीला नव्या कपड्याची गोधडी देत नाहीत, वापरून मऊ झालेल्या कापडाची वाकळ देतात, आणि ती बापाच्या कपड्यांची असली तर अधिक चांगली. बाळाला बापाचा वास लागतो म्हणतात. रणजितचे जुने शर्ट आणि लुंग्या दर दिवाळीला पोत्यात भरून गावी येत. ते विट्यात एका जागी जाळून राखेतलं सोनं काढायची पद्धत होती. या वर्षी शालनने ते पोतं जाळायला दिलं नाही. त्यातल्या चांगल्या चार लुंग्या नि सहा शर्ट काढले, अंगणात झटकले, एक पाणी दिलं आणि एकावर एक अंथरून वीस दिवस टाके घातले. कडेला हिरवी पट्टी लावली. मध्ये पाळणा काढला.

“डोक्यावरनं घे,” ती उत्कर्षाला म्हणाली. “कान झाक. गार लागून घिऊ नको.”

उत्कर्षा ती वाकळ नाकापर्यंत ओढून झोपायची. तिला भट्टीचा हलका, ओळखीचा वास यायचा, आणि तो नवऱ्याचा वास म्हणून तिला बरा वाटायचा.

सतराव्या आठवड्यात शिसं छत्तीस आलं.

डॉक्टर बागवान यांनी रक्त पुन्हा घेतलं. पुन्हा छत्तीस. “हाडातून येतंय म्हणावं तर इतकं एकदम येणार नाही,” त्या म्हणाल्या. “घरात कुठेतरी आहे. पाणी, रंग, हळद, कुंकू, काजळ, काहीही. प्रयोगशाळेतून माणूस यायला तीन आठवडे लागतील. तीन आठवडे आपल्याकडे नाहीत.” मग त्यांनी स्वतःच रणजितला फोन लावला. “तुमच्या दुकानात सोन्याची शुद्धता बघायचं हातातलं यंत्र आहे ना? क्ष-किरणांचं? ते घेऊन या. त्याला शिसंही दिसतं.”

रणजित दुसऱ्या दिवशी दुपारी पोचला. ड्रिलच्या आकाराचं ते यंत्र त्याने टॉवेलात गुंडाळून आणलं होतं. कुठल्याही वस्तूला टेकवून घोडा दाबला की त्यातून क्ष-किरण जातात. प्रत्येक धातू त्यांना आपापल्या ठरलेल्या ऊर्जेने उत्तर देतो, आणि पडद्यावर धातूंची नावं उतरत्या क्रमाने येतात. रणजितने आयुष्यात ते फक्त एकाच नावासाठी वापरलं होतं.

त्याने नळ तपासला. हंडा तपासला. भिंती, खिडक्यांचा रंग, हळदीचा डबा, देवघरातलं कुंकू, उत्कर्षाचं काजळ. शालन मागे मागे फिरत होती. “चटणी बघितली का? दुधाची बरणी? ती नवी हाय, तिचंच काय तरी असंल.” कुठेच काही नव्हतं. रणजितच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखा भाव यायला लागला. “बघ, मी म्हणत होतो,” तो म्हणाला, “यंत्रंच सगळी.”

उत्कर्षा पलंगावर बसली होती. तिने पायावरची वाकळ जराशी पुढे केली. “हे राहिलं.”

त्याने यंत्र पाळण्याच्या टाक्यांवर टेकवलं आणि घोडा दाबला. तीन सेकंदांनी बारीक शिटी वाजली. सोनं सापडलं की वाजायची तीच.

“सोनं दावतंय?” शालनने विचारलं. तिचा आवाज क्षणभर उजळला.

रणजित पडद्याकडे बघत राहिला. सोन्याच्या वर, पहिल्या ओळीत, दुसरं नाव होतं. त्याने यंत्र हिरव्या पट्टीवर टेकवलं, मग आतल्या बाजूला, मग उशीवर, जिथे उत्कर्षाचं तोंड यायचं. दर वेळी तो पडदा बायकोकडे वळवत होता. आईकडे वळवायचं धाडस त्याला झालं नाही.

“आई,” तो अखेर म्हणाला, “हे माझे कामाचे कपडे आहेत?”

“पाणी दिलं होतं,” शालन म्हणाली. “झटकून घेतलं होतं.” ती खाली बसली, जमिनीवरच. “उबंला दिली व्हती रं.”

उत्कर्षा उठली, हात धुऊन आली आणि सासूच्या शेजारी बसली. तिला रागावता आलं असतं. पुढे अनेक दिवस तिला वाटत राहिलं, तेव्हाच रागावून घ्यायला हवं होतं. पण त्या दुपारी तिला समोर फक्त वीस दिवसांचे टाके दिसत होते, सगळे एकसारखे, तांदळाएवढे.

एकोणिसाव्या आठवड्यात, मंगळवारी सकाळी दहाच्या सुमारास, तिच्या पोटात कळा सुरू झाल्या. मिरजेला पोचेपर्यंत पाणी गेलं होतं. डॉक्टरांनी जे जे करता येतं ते केलं. दुपारी दोन वाजता सगळं संपलं. सिस्टरने विचारलं, बघायचं का. उत्कर्षाने बघितलं. रणजितने उंबऱ्यावरून बघितलं. शालन जिन्यात बसून होती, तिला कोणी विचारलं नाही.

“वाकळीमुळं झालं का?” उत्कर्षाने तिसऱ्या दिवशी डॉक्टरांना विचारलं.

“एका कारणाकडे बोट दाखवता येणार नाही. बारा वर्षांचं तुझ्या हाडांत होतंच. वाकळीने भर घातली. ती नसती तर काय झालं असतं, हे मला माहीत नाही, आणि माहीत आहे असं मी म्हणणार नाही.”

“आत्यांना असंच सांगा. याच शब्दांत.”

डॉक्टरांनी शालनला तसंच सांगितलं. शालनने ऐकून घेतलं आणि नमस्कार केला. घरी आल्यावर तिने शिवणाचा डबा मागच्या घरातल्या बाईला देऊन टाकला. जेवायला वाढताना ती आता उत्कर्षाच्या ताटाला हात लावत नसे. पातेली पुढे सरकवायची आणि म्हणायची, “तुझं तू घे.”

रणजितने भट्टी बंद केली. चुलतभावाला जागा दिली आणि विट्यात मोबाइल दुरुस्तीचं दुकान बघायला लागला. संध्याकाळी तो लवकर घरी यायचा, मोरीत बराच वेळ हात धुवायचा आणि मग बायकोजवळ बसायचा, पण हात मांडीवर ठेवूनच. एकदा ती म्हणाली, “अहो, धुतलेत की तुम्ही.” तो म्हणाला, “हो,” आणि तसाच बसून राहिला.

चार महिन्यांनी ती त्याला घेऊन मिरजेला गेली. रक्तातलं शिसं अकरावर आलं होतं. तो आकडा ऐकून रणजितने पहिल्यांदा मान वर केली.

“मॅडम, मला पुन्हा प्रयत्न करायचाय,” उत्कर्षा म्हणाली. “कधी करू ते सांगा.”

“रक्तावरून नाही सांगता येणार,” डॉक्टर म्हणाल्या. “रक्तातलं शिसं महिना-दीड महिन्यात निम्मं होतं. हाडातलं निम्मं व्हायला पंधरा वर्षं लागतात. आणि दिवस गेले की ते पुन्हा रक्तात यायला लागणार. आपल्याला नडगीचं हाड मोजावं लागेल. दुखत नाही. पाय अर्धा तास स्थिर ठेवायचा.”

“किती आलं तर चालेल?”

“दर ग्रॅममागे पंधराच्या खाली असेल, तर मी तुझ्याबरोबर आहे. पंचविसापर्यंत असेल, तर विचार करू, फार जपून. त्याच्या वर असेल तर मी थांब म्हणेन. दुसरे मार्ग आहेत, उत्कर्षा. दुसऱ्या बाईच्या उदरात वाढवता येतं, दत्तक घेता येतं.”

“ते नंतर बोलू. आधी माझं बघा.”

“नाही मोजलं तर?” रणजितने विचारलं. “न मोजता नुसतं राहिलो तर?”

“तसंही राहता येतं,” डॉक्टर म्हणाल्या.

उत्कर्षाने चप्पल काढली, सलवार गुडघ्यापर्यंत दुमडली आणि पाय यंत्राच्या खोबणीत ठेवला. रणजित उठून तिच्या डोक्याशी येऊन उभा राहिला. या वेळी त्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला. यंत्र सुरू झालं. मध्ये एकदा तिने विचारलं, “किती वाजले?” आणि त्याने सांगितलं, “अकरा वीस.”

तंत्रज्ञ बाईंनी कागद आणून टेबलावर ठेवला.

उत्कर्षा रणजित मोहिते, वय चौतीस. डावी नडगी. मोजणीचा काळ तीस मिनिटं. शिसं, हाडाच्या दर ग्रॅममागे एकसष्ट मायक्रोग्रॅम. संभाव्य चूक, तीन.